आधी पंखा, मग मीटर, मग सूर्य



सध्या आपल्या वस्त्यांमध्ये दोन गोष्टींची चर्चा आहे. एक, भिंतीवर बसवले जाणारे नवे स्मार्ट मीटर. दुसरी, गच्चीवर बसणारी सोलर. सातपूर-अंबडच्या कामगार वसाहतींत, नाशिकरोड-देवळालीत, पंचवटीच्या फुलेनगरात, कोठेही जा, हेच प्रश्न कानी येतात. नव्या मीटरने बिल दुप्पट होते काय? सोलर घेतली की बिल शून्य होते काय? सरकार खरेच पैसे देते की मधला एजंटच खाऊन जातो? आमच्याकडेही हे प्रश्न येतात. तेव्हा या वेळी या सदरात विजेचाच हिशोब मांडावा असे आम्ही ठरवले आहे.

विजेचा विषय आपल्याला परका मानण्याचे कारण नाही. १९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. तेव्हा विजेचे खाते मजूर खात्याकडेच होते. ऑक्टोबर १९४३ मध्ये वीजधोरण समितीपुढे बोलताना त्यांनी विजेचा प्रश्न थेट गरिबीशी जोडला. वीज स्वस्त आणि मुबलक मिळाली तर कारखानदारी वाढेल, आणि कारखानदारी वाढली तर शेतीवर पडलेला माणसांचा भार हलका होईल, अशी त्यांची मांडणी होती. पुढे १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले. देशाच्या वीजनियोजनाचा पाया ज्या वर्षांत घातला गेला, ती ही वर्षे होत.

आणि त्याच बाबासाहेबांच्या समाजातील कित्येक घरांत वीज पोचायला किती काळ गेला! २०२१ साली महावितरणला अनुसूचित जाती-जमातींच्या घरांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर जीवनप्रकाश योजना काढावी लागली. १४ एप्रिल ते ६ डिसेंबर २०२१ या मुदतीत अर्ज मागवले गेले. अनामत ५०० रुपये, आणि तीही पाच समान हप्त्यांत. म्हणजे शंभर रुपयांच्या हप्त्यापायी अंधारात राहिलेली घरे २०२१ मध्येही होती, हे सरकारनेच मान्य केले. नाशिकरोडजवळ एकलहऱ्याच्या वीज केंद्रात २१० मेगावॅटचे तीन संच आहेत. त्या चिमण्यांच्या सावलीत राहणाऱ्या माणसांनाही लाईट बिलाची धास्ती वाटते. आता विजेच्या क्षेत्रात पुन्हा एक नवे वळण आले आहे. या वेळी आपण मागून जायचे की माहिती घेऊन पुढे व्हायचे, हा खरा प्रश्न आहे.

प्रथम एका वाडीची गोष्ट सांगतो. पुणे जिल्ह्याच्या डोंगरात दरेवाडी म्हणून एक छोटी वाडी आहे. विजेचे खांब तेथवर गेले नव्हते. २०१२ साली पुण्याच्या ग्राम ऊर्जा या संस्थेने तेथे ९.४ किलोवॅटचा सौर प्रकल्प उभा केला आणि ३९ घरांत वीज दिली. पैसा बॉश कंपनीच्या जर्मनीतील सौर शाखेने दिला. होय, तीच बॉश, जिच्या सातपूरच्या कारखान्याला आपले जुने कामगार अजून ‘मायको’ म्हणतात. पण आम्हाला महत्त्वाचे वाटते ते वेगळेच. तेथे प्रत्येक घराला मीटर बसवले गेले, आणि त्या मीटरप्रमाणे पैसे गोळा करण्याचे काम गावच्याच न्यासाने घेतले.

मीटर कशासाठी? तर बॅटरीत दिवसभराची जी वीज साठते ती मोजकी असते. एका घराने शेगडी लावली तर दहा घरांचे दिवे विझतात. कोणी किती वापरले हे दिसले नाही तर भांडणे होतात, आणि भांडणे झाली की प्रकल्प बंद पडतो. आकडा सर्वांसमोर असला की भांडणाचे कारण राहत नाही. सोलर, मीटर आणि काटकसर या तीन गोष्टी एकमेकींना धरून चालतात. प्लेटा महाग, म्हणून वापर कमी हवा. वापर कमी झाला की नाही हे कळायला मीटर हवे. आणि मीटर आपले मानले तरच माणूस त्याकडे बघतो.

आपल्या शेजारच्या बांगलादेशात गरिबांसाठी सोलरचे फार मोठे काम झाले. तेथे २००३ पासून हप्त्यांवर सोलर देण्याची योजना चालली आणि चाळीस लाखांहून अधिक घरांत छोटी सोलर पोचली. पुढे २०१५ मध्ये शरियतपूर भागात आणखी एक प्रयोग झाला. शेजारशेजारची घरे तारेने जोडली, मध्ये खास मीटर बसवले. ज्याच्याकडे जास्त वीज उरली त्याने ती शेजाऱ्याला विकावी, आणि मीटरने दोघांचा हिशोब ठेवावा. ज्याची ऐपत प्लेट घेण्याची नाही त्यालाही वीज मिळाली, ज्याची उरली त्याला दोन पैसे मिळाले.

आपल्या राज्यात सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यातले मान्याचीवाडी हे पहिले सौरग्राम ठरले. ऑगस्ट २०२४ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. सुमारे शंभर उंबऱ्यांचे गाव. घरांवर सोलर, आणि गावाच्या सार्वजनिक कामाची वीजही सोलरची. एका गावाने एकत्र बसून ठरवले म्हणून हे झाले.

आणि नाशिकचे काय? वीज वाचवण्याचा पथदर्शी प्रकल्प आपल्या नाशिकमध्ये यापूर्वीच झाला आहे. २००५-०६ च्या सुमारास महावितरणने नाशिक परिमंडळात सी.एफ.एल. दिव्यांचा प्रयोग केला. पिवळे बल्ब काढा, कमी विजेचे दिवे लावा, असा तो प्रयोग होता. ते सी.एफ.एल. आता गेले. ५ जानेवारी २०१५ रोजी उजाला योजना देशभर सुरू झाली आणि एल.ई.डी. दिवे आले. सरकारी कंपनीला २०१४ मध्ये एक एल.ई.डी. बल्ब ३१० रुपयांना पडत होता, तो २०१६ पर्यंत ३८ रुपयांवर आला. कारण खरेदी एकगठ्ठा झाली. एकट्याने मागितले तर दुकानदार भाव सांगतो, हजारांनी मिळून मागितले तर भाव पडतो. हा धडा लक्षात ठेवावा, पुढे उपयोगी पडेल.

आता घरच्या हिशोबाकडे येऊ. माता-भगिनींनी येथे वही-पेन्सिल घ्यावी.

लाईट बिलावर बरेच रकाने असतात. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि वर १६ टक्के विद्युत शुल्क. यांतला वीज आकार टप्प्याटप्प्याने वाढतो. २०२४-२५ च्या दरपत्रकात पहिल्या १०० युनिटांना ४ रुपये ७१ पैसे दर होता. १०१ ते ३०० युनिटांना तो १० रुपये २९ पैसे होता. वहन आकार दोन्हीकडे १ रुपया १७ पैसे. त्यानंतर दर बदलले आहेत, पण टप्प्यांची रीत तीच आहे, म्हणून समजण्यासाठी हेच आकडे घेऊ.

एखाद्या घराचा वापर महिन्याला १५० युनिट आहे. पहिल्या १०० युनिटांचे झाले ५८८ रुपये. पुढच्या केवळ ५० युनिटांचे झाले ५७३ रुपये. बघा, शंभर युनिटांना जेवढे, जवळजवळ तेवढेच शेवटच्या पन्नास युनिटांना! घरातली बाई म्हणते, ‘‘आम्ही काही फार जास्त वापरत नाही, तरी बिल एवढे का?’’ तिचे म्हणणे खरे आहे. जास्त थोडेच आहे, पण ते महागाच्या टप्प्यातले आहे. म्हणूनच ते थोडे वाचवले तर पैसे पुष्कळ वाचतात.

हे पन्नास युनिट जातात कोठे? छताचा जुना पंखा सुमारे ७५ वॅटचा असतो. दिवसरात्र मिळून १२ तास चालला तर महिन्याला २७ युनिट. दोन पंख्यांचे ५४. बाजारात आता बी.एल.डी.सी. नावाचे पंखे मिळतात. ते सुमारे २८ वॅटवर चालतात आणि वारा तेवढाच देतात. तेवढ्याच तासांना दोन्ही पंख्यांचे मिळून होतात २० युनिट. म्हणजे ३४ युनिट वाचले. जुनी पट्टीची ट्यूबलाईट चोकसकट सुमारे ५० वॅट घेते, एल.ई.डी. पट्टी २० वॅट घेते. दोन ट्यूबा सहा तास लागत असतील तर महिन्याला आणखी ११ युनिटांच्या आसपास वाचतात. झाले ४५. पाणी तापवायची कॉईल दीड हजार वॅटची असते, ती रोज अर्धा तास लावली तरी महिन्याला २२ युनिटांच्या वर जाते. ती दहा मिनिटे कमी लावली तर १५० चे घर १०० च्या आत येते.

पंखा घेताना त्यावरचे तारे बघा. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवर तारांकन सक्तीचे झाले आहे. जितके तारे जास्त तितकी वीज कमी. बी.एल.डी.सी. पंख्याला साधारण अडीच ते तीन हजार रुपये पडतात. दोन पंख्यांचे सहा हजार धरा. वाचलेले ३४ युनिट महागाच्या टप्प्यातले असतील तर वरच्या हिशोबाने महिन्याला सुमारे ३९० रुपये वाचतात, शुल्क वेगळेच. थंडीचे तीन-चार महिने पंखा बंद असतो, हे धरूनही दोन वर्षांच्या आत पंख्याचे पैसे फिटतात. ज्यांचा वापर मुळातच १०० च्या आत आहे त्यांना मात्र फायदा निम्माच होईल. त्यांनी चालू पंखा काढून फेकू नये. जळाला, वाइंडिंग करायची वेळ आली, की तेव्हा नवा घेताना बी.एल.डी.सी. घ्यावा.

आता मीटरकडे वळू. २०२१ मध्ये केंद्र सरकारने वीज वितरण सुधारणेची योजना आणली आणि देशभर स्मार्ट मीटर बसवायचे ठरवले. महाराष्ट्रात महावितरणने २०२३ मध्ये ठेके दिले. एकट्या नाशिक आणि जळगाव परिमंडळांसाठी सुमारे २८ लाख ८६ हजार मीटरांचे काम होते. प्रथम हे मीटर प्रीपेड असणार होते, म्हणजे मोबाईलसारखे आधी पैसे भरा आणि मग वीज घ्या. लोकांत असंतोष झाला, वीज कामगारांच्या संघटनांनीही विरोध केला. जून २०२४ मध्ये तत्कालीन ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सर्वसामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नाही असे जाहीर केले. त्यानंतर जे मीटर लागू लागले ते टी.ओ.डी. मीटर, म्हणजे कोणत्या वेळी किती वीज वापरली हे सांगणारे. बिल मात्र वापरानंतरच येते.

या मीटरची चांगली बाजू कोणती? रीडिंग अंदाजाने टाकले जात नाही. मोबाईलवर आपला रोजचा वापर बघता येतो. १ जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या घरगुती वापराला युनिटमागे ८० पैशांची सवलत सुरू झाली. इस्त्री, मिक्सर, पाण्याची मोटर ही कामे दिवसा उरकली आणि महिन्याला ३० युनिट त्या वेळेत आले तर २४ रुपये सुटतात. हे काही सोने नव्हे. दोघेही नवरा-बायको सकाळी कामाला जाणाऱ्या घरात तर तेही सुटणार नाहीत. पण जे आपले आहे ते सोडू नये. बिलावर टी.ओ.डी.चा रकाना बघावा, सवलत वजा झाली आहे की नाही ते तपासावे.

वाईट बाजूही सांगितली पाहिजे. दारोदार फिरून रीडिंग घेणारी ठेक्यावरची पोरे आपल्यातलीच होती. मीटर स्वतःच आकडा पाठवू लागला की त्या पोरांचे काम जाते. त्यांच्या पोटाचे काय, हा प्रश्न विचारणे आपले कर्तव्य आहे. दुसरे असे की, या मीटरची वीज कार्यालयात बसूनही तोडता येते. म्हणून कायदा माहीत हवा. वीज कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणे थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते.

नव्या मीटरने बिल वाढले असे वाटले तर काय करावे? मीटरवर धोंडा मारू नये आणि मीटर बसवायला आलेल्या माणसाशी हुज्जत घालू नये. तोही पोटासाठीच आला आहे. लेखी तक्रार करावी. ग्राहक हक्क नियमांत फेब्रुवारी २०२४ मध्ये दुरुस्ती झाली आहे. रीडिंग वापराशी जुळत नाही अशी तक्रार आल्यास वीज कंपनीने ५ दिवसांत दुसरे जोड मीटर बसवायचे आणि किमान ३ महिने दोन्ही आकडे ताडून बघायचे, असा नियम आहे. तक्रारीची पोच घ्यावी. दाद मिळाली नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे जावे, त्यावर विद्युत लोकपाल आहे. फोनवरून तक्रारीसाठी १९१२ हा क्रमांक आहे. जुने मीटर काढताना त्यावरचा शेवटचा आकडा आणि नव्याचा पहिला आकडा यांचा मोबाईलवर फोटो काढून ठेवावा. तक्रार करताना हे दोन फोटो कामी येतात.

आता सूर्याकडे येऊ. फेब्रुवारी २०२४ मध्ये पी.एम. सूर्यघर योजना सुरू झाली. देशात एक कोटी घरांवर सोलर बसवायची आणि मुदत २०२६-२७ पर्यंत, असे तिचे स्वरूप आहे. एक किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार, तीन किंवा अधिकला ७८ हजार रुपये केंद्राचे अनुदान. एक किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट सावलीविना जागा लागते. त्यातून दिवसाला सरासरी ४ युनिट, महिन्याला सुमारे १२० युनिट तयार होतात. पावसाळ्यात कमी, उन्हाळ्यात जास्त.

ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्य सरकारने याला ‘स्मार्ट’ नावाची जोड योजना दिली. नाव मीटरसारखे असले तरी ही सोलरची योजना आहे. ती दारिद्र्यरेषेखालील आणि महिना १०० युनिटांच्या आत वापर असलेल्या पाच लाख घरांसाठी जाहीर झाली. एक किलोवॅटची किंमत ५० हजार धरली आहे. केंद्राचे ३० हजार मिळतात. त्यावर दारिद्र्यरेषेखालील ग्राहकाला राज्याचे १७ हजार ५०० मिळून त्याने फक्त २ हजार ५०० भरायचे. अनुसूचित जाती-जमातीच्या ग्राहकाला राज्याचे १५ हजार, म्हणजे त्याने ५ हजार भरायचे. सर्वसाधारण ग्राहकाला राज्याचे १० हजार, स्वतःचे १० हजार.

आपल्या वाचकांनी यातली एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. अनुसूचित जातींच्या यादीत बौद्धांचा समावेश १९९० च्या कायदादुरुस्तीने झाला आहे. तेव्हा जातीचा दाखला घरात असेल तर तो शोधून ठेवा, नसेल तर काढून घ्या. मुलांच्या शिष्यवृत्तीसाठी काढलेला दाखला पेटीत तसाच पडून असतो आणि बापाच्या नावाचा काढलेलाच नसतो, असे बऱ्याच घरांत आहे. दुसरी अडचण मीटरच्या नावाची. वडील वारले, घर मुलाच्या नावावर झाले, पण लाईट बिल अजून वडिलांच्याच नावे येते. अशा घरांनी आधी नावबदलाचा अर्ज करावा. जुनी थकबाकी असेल तर हप्ते मागून ती मिटवावी. योजना चालू आहे की तिचे उद्दिष्ट भरले, हे महावितरणच्या उपविभागीय कार्यालयात विचारूनच पुढे जावे.

सोलरविषयी गैरसमजही पुष्कळ आहेत. पहिला, सोलर असली की लाईट गेली तरी घरात उजेड राहतो. तसे होत नाही. अनुदानाची सोलर बहुधा बिनबॅटरीची असते. बाहेरची वीज गेली की ती आपोआप बंद होते, कारण तिची वीज तारेत गेली तर खांबावर काम करणारा लाईनमन मरेल. दुसरा, बिल शून्य होते. युनिट शून्य झाले तरी स्थिर आकार राहतोच. तिसरा, प्लेट बसवली की काम संपले. नाशिकच्या धुळीत प्लेटा पंधरा दिवसांनी सकाळी थंड असताना पाण्याने धुवाव्या लागतात, नाहीतर वीज घटते.

आणि एजंटाविषयी सावध राहा. सूर्यघर योजनेत काम करणारा पुरवठादार नोंदणीकृत असावा लागतो, पाच वर्षे देखभाल त्याच्यावर असते, आणि केंद्राचे अनुदान काम पूर्ण झाल्यावर ग्राहकाच्या बँक खात्यात येते. ‘‘अनुदान मी आणून देतो, आधी रोख द्या’’ असे म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवावे. दहा किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला तांत्रिक तपासणीची अट २०२४ च्या नियमांनी काढली आहे, तेव्हा ‘साहेबांना द्यावे लागतात’ ही सबबही चालवून घेऊ नये.

परंतु ज्यांना गच्चीच नाही त्यांचे काय? हा प्रश्न आपल्या वस्त्यांचा खरा प्रश्न आहे. पत्र्याच्या घरावर प्लेटा बसवायच्या तर पत्रा आणि खालचे अँगल वजन पेलतील काय हे जाणकाराकडून बघून घ्यावे लागते. वादळात पत्र्यासकट प्लेट उडाली तर शेजाऱ्याचा जीव जाईल. भाडेकरूला तर ना गच्ची, ना मीटर. मालक सब-मीटर लावतो आणि त्याला वाटेल त्या भावाने युनिट घेतो. अशा भाडेकरूने मालकाकडून महावितरणचे मूळ बिल बघायला मागावे, आणि चार भाडेकरूंनी मिळून मागावे. चार मजली इमारतीत राहणाऱ्यांनी संस्थेच्या बैठकीत विषय काढावा. सूर्यघर योजनेत संस्थेच्या जिन्याचे दिवे, पाण्याची मोटर अशा सामाईक वापरासाठी किलोवॅटला १८ हजार रुपये अनुदान आहे. मोटरचे बिल कमी झाले की प्रत्येकाची वर्गणी कमी होते. आणि ज्यांच्याकडे यांतले काहीच नाही, त्यांच्यासाठी पंखा आणि दिवा आहेच. तो पहिला भाग कोणाच्याही परवानगीवाचून करता येतो.

म्हणून आम्ही एक सुचवतो. सरकारच्या पथदर्शी प्रकल्पाची वाट न बघता प्रत्येक गल्लीने आपला प्रकल्प करावा. दहा घरे, तीन महिने आणि एक वही. दर रविवारी सकाळी आठ वाजता आठवी-नववीच्या दोन मुलांनी दहाही मीटरांचे आकडे टिपावेत. गणित पुस्तकात शिकण्यापेक्षा असे लवकर येते. पहिला महिना काहीच बदलू नये, फक्त लिहावे. दुसऱ्या महिन्यात ज्याला जे जमेल ते बदलावे, कोणी दिवे, कोणी पंखा, कोणी नुसती कॉईलची वेळ. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी दहा घरांची वही विहारात सर्वांसमोर वाचावी. कोणाचे किती वाचले आणि कशामुळे, हे शेजारणीच्या तोंडून कळले की पटते.

पंख्यांसाठी बचत गटाने पैसे फिरवावेत. दहा घरांचे वीस पंखे एकदम घेतले तर दुकानदार भाव उतरवतो, हा उजालाचाच धडा. दोन पंख्यांचे सहा हजार गटाने दिले आणि घराने महिना ५०० प्रमाणे वर्षभरात फेडले, तर पंखा चालू असलेल्या महिन्यांत त्यातले ३९० बिलातूनच सुटतात. वरचे शंभरेक रुपये काय ते खिशातून जातील. थंडीत मात्र हप्ता पदरचा भरावा लागेल, हे आधीच सांगून ठेवावे, म्हणजे गटात कुरबूर होणार नाही.

आपल्या तरुणांनीही इकडे बघावे. आय.टी.आय.मध्ये इलेक्ट्रिशियन झालेली पोरे सातपूर-अंबडच्या फाटकांवर ठेक्याच्या कामासाठी उभी राहतात. सोलर बसवणे, तिची देखभाल करणे याला हात लागतात, आणि २०१५ पासून केंद्राच्या सूर्यमित्र योजनेत याचे शिक्षण दिले गेले आहे. रीडिंग घेण्याचे काम जात असेल तर प्लेटा बसवण्याचे काम आपल्या पोरांच्या हाती का येऊ नये? वस्तीची वायरिंग तपासून देणारा, बिल समजावून सांगणारा, अर्ज भरून देणारा एक तरुण प्रत्येक विहारामागे तयार झाला तर एजंटाला दारात उभे राहायला जागा उरणार नाही.

क्रम मात्र विसरू नये. आधी वापर कमी करा, तो हिशोब मीटरवर बघायला शिका, आणि मगच सोलरचा अर्ज करा. दीडशे युनिटांच्या घराला दोन किलोवॅट लागतील, त्याच घराने वापर शंभरावर आणला तर एकात भागेल. सूर्याला बिल येत नाही हे खरे, पण प्लेटेला येते.

तेव्हा येत्या रविवारी घरातले मागच्या वर्षाचे मिळतील तेवढे लाईट बिल काढा, युनिटचा रकाना शोधा आणि बारा महिन्यांचे आकडे एका कागदावर ओळीने लिहा. कोणत्या महिन्यात शंभर ओलांडले त्याला गोल करा. तेवढा कागद घेऊन शेजारच्या नऊ घरांत जा.

जयभीम.